खिडकीच्या आतल्या बाजूला बसून करपायला झालंय. तुम्ही कसं निभावता?

निळी_शाई
बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एका सार्वजनिक विद्यापीठात नोकरीला आहे. कुठल्या ते विचारू नका, ओळखलंत तर मनात ठेवा. सोळा वर्षं झाली. आधी परीक्षा विभाग, मग पात्रता, आणि गेली साडेतीन वर्षं विद्यार्थी सुविधा केंद्र, खिडकी क्रमांक चार. बोनाफाईड, मायग्रेशन, ट्रान्स्क्रिप्ट, दुबार गुणपत्रिका, नावातली दुरुस्ती, राखीव निकाल. शिवाय ज्याला कुठे जायचं तेच कळत नाही, त्याला आमचा शिपाई 'चार नंबरला विचार' म्हणून पाठवतो.

काचेला बोलण्यासाठी गोल भोक आहे आणि कागद सरकवायला खाली फट. भोक माझ्या कपाळाच्या उंचीवर आलंय. त्यामुळे पोरं वाकून फटीतून बोलतात आणि मीही मान वाकडी करून फटीकडे कान नेते. संध्याकाळी मान एका बाजूला अडकते ती सकाळीच सुटते.

गेल्या जुलैत एक मुलगा आला. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं, त्यामुळे पुढे कुठेतरी शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला. मी विचारलं, "राजपत्र कुठंय?" तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही मागच्या वेळी नको म्हणाला होतात." झालं. मी जी सुरू झाले! मराठी वाचता येतं का, बाहेर यादी लावलीय ती कोणासाठी, कॉलेजात काय शिकवतात तुम्हाला. मागे चाळीसेक पोरांची रांग, सगळी ऐकतायत. त्याने कागद गोळा केले, "हो मॅडम" म्हणाला आणि गेला. जाताना एक अर्ज फटीतच राहिला.

संध्याकाळी टेबल आवरताना तो अर्ज हाती लागला. त्यावर दोन शेरे होते. पहिला, 'राजपत्राची प्रत जोडणे'. त्याच्या खाली बारा दिवसांनी लिहिलेला, 'राजपत्र आवश्यक नाही. बारावीची मूळ गुणपत्रिका दाखविणे'. दोन्ही माझ्याच अक्षरात. दुसरा बरोबर होता. नुसती टंकनाची चूक असेल तर राजपत्र लागत नाही, हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. म्हणजे माझ्या चुकीसाठी मी त्याला चाळीस जणांसमोर झाडलं होतं.

त्याच रात्री माझ्या मुलाने वहीवर सही मागितली. मी मान वर न करता म्हटलं, "दुपारी तीननंतर." तो हसला, नवरा हसला. मला हसू आलं नाही.

'रजा घे' असं सगळे सांगतात. नैमित्तिक रजा वर्षाला आठ, त्या मुलाच्या तापात आणि सासूबाईंच्या डोळ्यांत जातात. अर्जित रजा भरपूर साठलीय. मागे एकदा दहा दिवस काढली. परत आले तर माझ्या टेबलावरचे कागद जसेच्या तसे, वर दहा दिवसांची नवी भर. अकराव्या दिवशी दुपारपर्यंत मी होते तिथेच.

विद्यार्थ्यांशी संबंधित कामात, म्हणजे खिडकी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, समुपदेशन, प्लेसमेंट, काहीही, असलेले इथे कोणी आहेत का? तुम्ही काय करता? योगासनं कृपया सांगू नका, ती मी करते.

पिंपळपार
वाचतेय. माझी धाकटी बहीण एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश विभागात आहे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की तिचा फोन आम्ही कोणी उचलत नाही, कारण ती बोलत नाही, भांडते. तिला धागा पाठवलाय.

उनाड_पाटसकर
ताई, राग मानू नका, पण काचेच्या पलीकडचंही ऐका. मी मागच्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलो. खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी पावणेएकला लागायची, ती अडीचला निघायची. आत चार जण दिसायचे, एक मोबाईलवर. एका सहीसाठी मी तीनदा एसटीने आलोय, एका फेरीत अख्खा दिवस. तुम्हाला बर्नआउट होतो आणि तुमच्यामुळे आम्हाला होतो. तुम्ही निदान पंख्याखाली बसता.

त्या मुलाची माफी मागितलीत का?

निळी_शाई
@उनाड, राग नाही. बरोबर बोललास. माफी मागितली नाही. अर्जावर मोबाईल नंबर आहे, तीनदा हातात घेऊन ठेवून दिला.

पाटीबद्दल: जेवणाची सुट्टी अर्धा तास. पण चार खिडक्यांपैकी दोन पदं रिकामी, बदली माणूस नाही. सकाळी साडेदहापासून एकही मिनिट न उठलेला माणूस जेवायला गेला की लवकर परत येत नाही. मी समर्थन करत नाहीये, काय होतं ते सांगतेय. आणि मोबाईलवर दिसणारा माणूस बहुतेक वेळा पोर्टलचा ओटीपी शोधत असतो. बहुतेक वेळा.

शब्दखोड
अवांतर, पण राहवत नाही. बर्नआउटला मराठीत चांगला शब्द हवा. 'थकवा' म्हणजे झोपलं की जातो तो. 'कंटाळा' फारच हलका. 'मन विटणे' जवळचा वाटतो. शीर्षकातला 'करपणे' आवडला.

वेंगुर्ल्याची_सुरंगी
मी कोकणात दोन महाविद्यालयांत मिळून समुपदेशक आहे, आठवड्यातले तीन दिवस इथे, दोन तिथे. शब्दखोड यांचा मुद्दा अवांतर नाही, म्हणून जरा सविस्तर.

या अर्थाने 'बर्नआउट' हा शब्द रुळवला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात तो स्वतः राबत होता, तिथली कामसू, भल्या मनाची माणसंच आधी कशी विझत जातात हे त्याने पाहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटची मोजपट्टी तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याला आजारांत घातलं नाही, 'कामाच्या ठिकाणी उद्भवणारी स्थिती' म्हटलं. त्यात तीन गोष्टी सांगितल्यात. एक, शीण. दोन, कामापासून मन तुटणं, माणसांबद्दल तुच्छता येणं. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

ताई, तुमचा मुलगा वही घेऊन आला ते पहिलं. 'कॉलेजात काय शिकवतात तुम्हाला' हे दुसरं. दोन शेरे हे तिसरं. रजेने फार तर पहिलं बरं होतं. उरलेली दोन रजेवरून परत येईपर्यंत टेबलावर तुमची वाट बघत बसतात. म्हणून दहा दिवसांचा उपयोग झाला नाही.

आणखी एक. मुलं रडतात, त्यांच्या गोष्टी ऐकून मी थकते, असं लोकांना वाटतं. खरं तर ऐकून मी थकत नाही. मुलगी सांगते की मेसचे पैसे थकलेत म्हणून ती एकदाच जेवते, आणि माझ्या हातात फी माफ करणं नसतं, हप्ता पाडून देणं नसतं, असतो तो फक्त टिश्यूचा डबा. त्या दिवशी मी घरी जाऊन कुणाशी बोलत नाही.

अकरा_महिने
वेंगुर्ल्याच्या ताईंनी शेवटी जे लिहिलं ना, तेच. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन माफ.

मी विदर्भातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल बघतो. कंत्राटी. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवस खंड, मग परत आदेश, झाला तर. त्यामुळे इथे रजेच्या गोष्टी चालल्यात त्या वाचून मजा वाटली. आम्ही आजारी पडलो तर पगार कापतात, करपलो तर नवीन माणूस आणतात. कायमवाल्यांना बर्नआउट होतो भाऊ, आम्हाला सप्टेंबर होतो. माझा आदेश सप्टेंबरात संपतो.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज कसा फिरतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विद्यार्थी भरतो, माझ्या लॉगिनला येतो, मी तपासतो, प्राचार्यांच्या लॉगिनला जातो, तिथून योजनेप्रमाणे समाजकल्याणकडे नाहीतर उच्च शिक्षण सहसंचालकांकडे. मग मंजुरी, मग पैसे येतील तेव्हा. एवढ्या साखळीत पोराला दिसणारा माणूस एकच, मी. मंजूर करणारा मी नाही, नामंजूर करणारा मी नाही, पण तोंड माझं. 'सर, पैसे कधी येतील?' दिवसातून साठ वेळा. पहिल्या वर्षी मी साठही वेळा पूर्ण उत्तर द्यायचो. दुसऱ्या वर्षी 'येतील' म्हणायचो. तिसऱ्या वर्षी मान हलवायचो, कुठल्या बाजूला ते मलाच माहीत नव्हतं.

मग एक गोष्ट लक्षात आली. साठांतल्या निदान वीस जणांचे पैसे आलेले असायचे. ते बघत असायचे दहावीत बापाने उघडलेल्या खात्यात, आणि पैसे गेलेले असायचे आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात. कोणीतरी मधे सिमकार्डवाल्याकडे पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, आठवण कोणालाच नसते. ते खातं कुठलं हे आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून दोन मिनिटांत दिसतं. मी याचा एक संदेश लिहिला, चित्रांसकट, आणि वर्ग प्रतिनिधींच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. पुढच्या सोमवारी टेबलासमोर निम्मीच पोरं.

पण गटाने दुसरा ताप दिला. रात्री अकराला 'सर, माझं पण बघा ना'. आता गटावर फक्त मीच लिहू शकतो अशी सेटिंग केलीय. दर शुक्रवारी चार वाजता किती अर्ज माझ्याकडे, किती प्राचार्यांकडे, किती पुढे गेले, एवढे तीन आकडे टाकतो. काही हललं नसेल तर 'या आठवड्यात काही हललं नाही' असंच टाकतो. आधी हे लिहायला भीती वाटायची, साहेब काय म्हणतील. साहेब काही म्हणाले नाहीत. ते गटात नाहीत.

उनाड_पाटसकर
@अकरा_महिने, भाऊ, तो आधारवाला संदेश मला दोन वर्षांपूर्वी कोणी दिला असता तर! माझे पैसे सात महिने एका खात्यात पडून होते, आणि मी त्या सात महिन्यांत आमच्या क्लार्कला मनात काय काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

कडीकोयंडा
वसतिगृहाचा रेक्टर आहे. मूळचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक, रेक्टरपद 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून गळ्यात. तीनशेवर मुलगे. पाणी गेलं, मेसच्या भाजीत अळी, वायफाय बंद, रूममेट घोरतो, सगळं रेक्टर. माझा खासगी नंबर एका पालकसभेत कोणीतरी फळ्यावर लिहिला, तेव्हापासून तो सार्वजनिक मालमत्ता आहे.

एका रात्री दीडला तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांचा फोन. एक जण संध्याकाळपासून दार उघडत नाही. मी चपला न घालता धावलो. दारावर थापा, आतून काही नाही. वॉचमनने पहारीने कडी उचकटली. मुलगा कॉटवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. सुखरूप होता. मी खाली फरशीवर बसलो, कारण पाय लटपटत होते. आम्ही दोघं पहाटेपर्यंत तसेच बसलो, फार काही बोललो नाही. सकाळी त्याचे वडील आले, डॉक्टरकडे गेले, पुढे तो बरा झाला, परीक्षा दिली. आणि त्याच सकाळी आठ वाजता मी एस.वाय.च्या प्रॅक्टिकलला उभा होतो. ब्युरेटमधली पातळी वाचता येईना. मला काय झालंय ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यानंतर तीन महिने मला फोन वाजला की छातीत धडधडायचं, मग तो दूधवाल्याचा का असेना.

त्यानंतर जे बदललं ते सांगतो. वसतिगृहाचा वेगळा फोन घेतला, तो रात्री वॉचमनच्या केबिनमध्ये असतो. कुठल्या कारणांसाठी मला उठवायचं ते केबिनच्या भिंतीवर लिहिलंय: आजारपण, मारामारी किंवा रॅगिंग, आणि कोणी दार उघडत नसेल तर. पाणी आणि वायफाय सकाळी सातनंतर. दुसरं, अशा प्रसंगी एकट्याने जायचं नाही, सहायक रेक्टरला घेऊनच. तिसरं, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात ही सेवा सुरू केली, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आम्ही तो सूचना फलकावर नाही लावला. फलकासमोर उभं राहून असला नंबर कोणी टिपून घेत नाही. संडासाच्या दारांवर आतून लावलाय.

चौथी गोष्ट भांडून मिळवली. अशा रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी तासिका नाहीत, रजा न टाकता. प्राचार्य म्हणाले, नियमात कुठे आहे? मी म्हटलं, रेक्टरने रात्री जागावं हे तरी नियमात कुठे आहे? ते गप्प झाले. लेखी अजून दिलेलं नाही, पण पाळतात.

वेंगुर्ल्याची_सुरंगी
@कडीकोयंडा सर, त्या रात्रीनंतर तुम्ही स्वतः कोणाशी बोललात का?

कडीकोयंडा
आत्ता, इथे.

वेंगुर्ल्याची_सुरंगी
मग १४४१६ तुमच्यासाठीही आहे, सर. तो फक्त मुलांसाठी आहे असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि एक माहिती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक नेमावा, आणि शिकवणाऱ्या तसंच न शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, असं त्यात आहे. न शिकवणाऱ्या, म्हणजे खिडकीवाल्यांनाही. प्राचार्य 'नियमात कुठे आहे' म्हणाले की हे पुढे करा. अर्थात माझ्यासारखीला दोन कॉलेजांत वाटून दोघांचीही 'नेमणूक झाली' असा अहवाल जातो, ते वेगळं.

सेवानिवृत्त_बाबू
चौतीस वर्षं विद्यापीठात काढली, अधीक्षक म्हणून निवृत्त. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं, असं लिहायला बसलो होतो. मग एकेकाचे चेहरे आठवले. आमच्या वेळी बर्नआउट नव्हता, दारू होती. आमच्या विभागातले दोघं तिच्यात गेले. एक जण जेवणानंतर टेबलावर डोकं ठेवून झोपायचा आणि आम्ही त्याच्या नावाने विनोद करायचो. तो सर्वांत हुशार होता. कुठल्या सालचं कुठलं परिपत्रक, तोंडपाठ. म्हणूनच त्याला कुणी त्या टेबलावरून हलवलं नाही. 'तुझ्याशिवाय चालणार नाही' म्हणत बावीस वर्षं एकाच जागी.

जुनं कोडं आहे ना, घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? न फिरवल्याने. ताईंनी शीर्षकात करपणं लिहिलंय म्हणून आठवलं. खिडकीवर दोन वर्षांवर कोणाला ठेवू नये. दोन वर्षं खिडकी, मग दोन वर्षं आत आवक-जावक नाहीतर रेकॉर्ड, जिथे कागदाशी बोलायचं असतं. मी अधीक्षक झाल्यावर हे केलं, तर पहिली तक्रार खिडकीवाल्यांचीच आली. कारण खिडकीवर मान असतो, पोरं 'मॅडम, मॅडम' करतात. तेव्हा सोपं समजू नका.

निळी_शाईताई, तुमच्या दोन शेऱ्यांबद्दल. तुम्ही आठवणीवर विसंबलात, तीच चूक. माझ्या साहेबांनी मला शिकवलं होतं: त्रुटी एकदाच काढायची, सगळ्या एकत्र काढायच्या, लिहून द्यायच्या, खाली सही आणि तारीख. दुसऱ्या फेरीला त्या यादीबाहेरचं काही मागायचं नाही, मग आपल्याला ते नंतर कितीही आठवो. आपली चूक असेल तर ती आपण निस्तरायची. पोराला खेपा नाहीत आणि आपल्याला वाद नाही. भांडण नव्वद टक्के 'तुम्ही तेव्हा हे सांगितलं नव्हतं' यावरूनच होतं. माणूस कामाने दमत नाही, या वाक्याने दमतो.

पिंपळपार
बाबूकाका, 'आमच्या वेळी दारू होती' हे वाक्य कापून ठेवलंय.

यॉर्कशायरची_सून
मी उत्तर इंग्लंडातल्या एका विद्यापीठात विद्यार्थी मदत कक्षात आहे, सहा वर्षं. 'तिकडे काय, सगळं आलबेल' असं कोणी म्हणायच्या आत सांगते: इथल्या विद्यापीठांत गेली दोनेक वर्षं सरसकट नोकरकपात चालू आहे. आमच्या कक्षातल्या तीन जागा गेल्या आणि कामं उरलेल्यांत वाटली. त्या कामांना आता 'संधी' म्हणतात.

इथे एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेचा, बीएसीपीचा, नियम आहे की काम करणाऱ्या प्रत्येक मान्यताप्राप्त समुपदेशकाने महिन्याला किमान दीड तास दुसऱ्या अनुभवी माणसासमोर बसून आपल्या केसेस बोलायच्या. तरच मान्यता टिकते. म्हणजे ऐकणाऱ्याचंही कोणीतरी ऐकतं, आणि तो नोकरीचा भाग समजला जातो, लाड नव्हे. आमच्यासारख्या सल्ला देणाऱ्यांना मात्र हे लागू नाही. मुलगी आधी माझ्यासमोरच रडते, पण दीड तास तिच्या समुपदेशकाला. म्हणून आम्ही चौघींनी आपसात दर दुसऱ्या गुरुवारी अर्धा तास बांधून घेतला. अट एकच, उपाय सुचवायचा नाही. पहिले दोन गुरुवार आम्ही उपायच सुचवत राहिलो, सवय!

माझं खरं दुखणं वेगळं आहे. कक्षात भारतीय मी एकटी. त्यामुळे भारतीय मुलांची प्रत्येक केस फिरून माझ्याकडे. मराठी मुलांना कळलं की मी कोल्हापूरची, की मग 'ताई'. ताई म्हटलं की संपलं. व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला वीस तासच काम करता येतं, आणि मुलगा भाड्यासाठी पस्तीस तास गोदामात खोकी उचलतोय, हे तो कक्षातल्या मला सांगणार नाही, रात्री दहाला ताईला सांगतो. आता मी काय करू? कक्षातली मी म्हणून ऐकलं तर नोंद करावी लागेल. ताई म्हणून ऐकलं तर झोप जाते.

एक वाक्य मी पाठ केलंय, आणि ते वापरायला मला दोन वर्षं लागली: "अरे, हे मला उद्या दहा वाजता ऑफिसात सांग. आत्ता मी पोळ्या करतेय." नऊ जण येतात. जो येत नाही त्याला मी स्वतः ईमेल करते. तो दहावा अजून मला सोडवता आलेला नाही.

अकरा_महिने
पस्तीस तास गोदाम, आणि इथे घरचे समजतात पोरगा फिरंग्यांत शिकतोय. ताई, तुमच्या पोळ्यांवालं वाक्य चोरतोय. आमच्याकडे भाकरी, पण चालेल.

शब्दखोड
'संधी' या शब्दावर वेगळा धागा काढायला हवा.

निळी_शाई
तीन आठवडे झाले, म्हणून धागा वर काढतेय. काय काय केलं ते सांगते.

बाबूकाकांचं त्रुटीपत्र सुरू केलं. अर्ध्या पानाचं, दोन प्रतींत, मधे कार्बन. (कार्बन पेपर मिळवायला तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानदाराने विचारलं, "काय करता याचं?") अर्ज पूर्ण वाचल्याशिवाय ते लिहिता येत नाही, त्यामुळे पहिला आठवडा भयंकर गेला, रांग जिन्यापर्यंत. साहेबांनी खाली येऊन पाहिलं आणि काही न बोलता वर गेले. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या खेपेची पोरं कागद पूर्ण घेऊन यायला लागली, दोन-दोन मिनिटांत मोकळी. रांग कमी झाली असं छातीठोक सांगत नाही. माझा आवाज कमी झालाय, हे शिपायाने सांगितलं.

भोकाचं कोणी सुचवलं नव्हतं, पण केलं. सुताराला सांगून माझी खुर्ची चार इंच उंच करून घेतली, खाली लाकडी पाट. आता तोंड भोकासमोर येतं आणि पोरं सरळ उभी राहून बोलतात. साडेतीन वर्षांत हे का सुचलं नाही कोण जाणे.

खिडकी बदलून मागितली. साहेब म्हणाले, "तुमच्याशिवाय चालणार नाही." बाबूकाका, मी तुमच्या त्या सहकाऱ्याची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. दिवाळीनंतर बघू म्हणालेत. लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घेऊन ठेवलाय.

आणि @उनाड, त्या मुलाला फोन केला. नंबर त्याच्या काकांचा निघाला, मुलगा रानात होता, अर्ध्या तासाने त्याने उलट फोन केला. मी कोण ते सांगितलं तर घाबरला, त्याला वाटलं आणखी काहीतरी राहिलं. मी म्हटलं, चूक माझी होती, तुला सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. तो बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "मॅडम, ते काम झालं. मी त्याच दिवशी दोन नंबरच्या खिडकीवर गेलो, त्या सरांनी करून दिलं."

दोन नंबरचे सर म्हणजे तेच, मोबाईलवर असतात ते.

उनाड_पाटसकर
🙏 दोन नंबरच्या सरांबद्दल मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. (निम्मं.)

ताई, त्या त्रुटीपत्राचा नमुना इथे टाका ना. आमच्या कॉलेजात माझी चुलतबहीण आहे आता, प्राचार्यांना दाखवायला सांगतो.

निळी_शाई
टाकते, पण सोमवारी. सहा वाजून दहा मिनिटं झालीत, आणि घरी वही वाट बघतेय.